मोठ्या डिझायनरला ‘काय बोला’ हे कसं सांगायचं?

प्रश्न थोडक्यात असा. कोल्हापुरातले काही ग्राफिक डिझायनर मिळून एका दिवसाची विभागीय डिझाइन परिषद भरवत आहेत. कोल्हापूर, सांगली, सातारा, बेळगाव या पट्ट्यातून दोनेकशे लोक येतील. निम्मे कला महाविद्यालयांतले विद्यार्थी, निम्मे आपापला स्टुडिओ, डीटीपी किंवा प्रेस चालवणारे. मुंबई-पुण्याचे चार नावाजलेले डिझायनर यायला तयार आहेत. विचारणाऱ्याची धास्ती वेगळीच आहे. तो लिहितो, की याआधी अशा परिषदांना गेलो तेव्हा मोठी माणसं आली, एकामागून एक लोगो दाखवून गेली, टाळ्या झाल्या, सेल्फी झाले, आणि सोमवारी पुन्हा कॉम्प्युटरसमोर बसलो तेव्हा हाती काहीच लागलेलं नव्हतं. ‘आमच्याकडे असं होऊ नये म्हणून वक्त्यांना काय सांगायचं? आणि एवढ्या मोठ्या माणसाला काय बोला हे सांगणं उद्धटपणाचं नाही का?’

मी पुण्यात पॅकेजिंग आणि लोगोचं काम करते. अशा परिषदांमध्ये बोलले आहे, पण त्याहून जास्त वेळा वक्ते जमवायचं, त्यांच्याशी आधी बोलून घ्यायचं काम माझ्याकडे आलं आहे. त्या दुसऱ्या बाजूच्या अनुभवातून लिहिते.

उद्धटपणाचं आधी बोलू, कारण तुमचं घोडं खरं तिथेच अडलंय. डिझायनर माणूस आयुष्यभर ब्रीफवर, म्हणजे क्लायंटने नेमकं काय हवं ते सांगण्यावर, जगतो. ‘तुम्हीच बघा, काहीतरी छान करा’ म्हणणाऱ्या क्लायंटच्या नावाने आपण सगळेच बोटं मोडतो. आणि परिषदेचं आमंत्रण लिहायची वेळ आली, की आपण अगदी त्याच क्लायंटसारखे वागतो: ‘सर, आपला प्रेरणादायी प्रवास आमच्या विद्यार्थ्यांसमोर उलगडावा.’ मग सर प्रवास उलगडतात. जे.जे.मधले दिवस, पहिली नोकरी, बॉसशी भांडण, स्वतःचा स्टुडिओ, आणि शेवटी संगीतावर पन्नास कामं भराभर सरकवणारी चित्रफीत. मागितलं तेच मिळालं, त्यात सरांचा काय दोष? नेमकं काय हवंय हे कुणी नीट विचारलं, तर माझ्या अनुभवात मोठे डिझायनर खूश होतात. ज्यांना राग येतो असे फार थोडे, आणि त्यांच्यासाठीही एक वाट आहे, ती पुढे सांगते.

आता काय मागायचं? माझं उत्तर वर्षानुवर्षं तेच आहे: एकच काम मागा. पूर्ण भाषण एका कामावर. ब्रीफ काय आलं, पहिल्या आठवड्यात काय काढलं, त्यातलं काय बाद झालं आणि कुणी केलं, प्रेसवर गेल्यावर काय बिघडलं, दुकानात गेल्यावर काय कळलं. पन्नास लोगो पाहिले की माणसाच्या मनात एवढंच उरतं, की ‘हे भारी आहेत आणि मी नाही’. एका लोगोचे बाद झालेले अकरा पर्याय पाहिले, की तो विचार करायला लागतो: यातला सहावा मला आवडला असता, मग यांनी का सोडला? या ‘का’साठीच लोक तिकीट काढून येतात. तयार झालेलं काम तर फोनवरही दिसतं.

याला अपवाद आहे, तोही सांगते. सभागृहात सगळे पहिल्या-दुसऱ्या वर्षाचे विद्यार्थी असतील, तर थोडा प्रवास हवाच. गडहिंग्लजहून किंवा जतहून आलेल्या मुलीला समोरचा माणूसही तालुक्याच्या गावातून आलाय, त्यालाही इंग्रजी येत नव्हतं, त्याचंही पहिलं वर्ष फुकट गेलं, हे कळण्याचं मोल मोठं असतं. पण तुमचा प्रेक्षक मिश्र आहे. प्रेस चालवणाऱ्या पन्नाशीच्या गृहस्थांना कुणाचं बालपण नको आहे. एका कामाची गोष्ट मात्र दोघांनाही पोचते. विद्यार्थी त्यात पद्धत बघतो आणि व्यवसायातला माणूस पैसे, वेळ, क्लायंट बघतो.

म्हणजे वक्ता निवडतानाच ‘कोण’ याच्या जोडीला ‘कुठलं काम’ हे ठरलेलं हवं. समितीच्या बैठकीत नावांची यादी होते, कामांची होत नाही. ती करून बघा, चर्चा लगेच बदलते. काय म्हणायचंय ते दोन-तीन उदाहरणांनी सांगते. ही तुमच्या परिषदेसाठी सुचवलेली नावं समजू नका.

रुपयाचं चिन्ह घ्या. डी. उदय कुमार यांनी ते केलं तेव्हा ते आयआयटी मुंबईच्या आयडीसी या डिझाइन विभागात पीएच.डी. करत होते, आणि १५ जुलै २०१० रोजी सरकारने ते स्वीकारलं. देवनागरी ‘र’, रोमन ‘आर’ आणि वरची शिरोरेषा, एवढी गोष्ट शाळेतल्या मुलांनाही पाठ आहे. त्या गोष्टीसाठी कुणाला कोल्हापूरपर्यंत बोलवायची गरज नाही. पण चिन्ह ठरल्यावर काय झालं? ते टाइप कसं करायचं? त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये ते युनिकोडमध्ये, म्हणजे कॉम्प्युटरवरच्या अक्षरांच्या जागतिक यादीत, आलं, पण प्रत्येक फॉन्टमध्ये ते पुन्हा काढावं लागणार होतं, कीबोर्डवर जागा शोधावी लागणार होती. २०११च्या नाण्यांवर ते दिसू लागलं आणि नोटांवर त्यानंतर. जाड फॉन्टमध्ये त्या दोन आडव्या रेघांमधली फट बुजते, बारीक छपाईत ती भरून येते. तुमच्या पट्ट्यातला प्रत्येक डिझायनर रोज एमआरपीच्या आधी ते चिन्ह टाकतो आणि सहा पॉइंटमध्ये ते फुटताना बघतो. ‘चिन्ह जिंकल्यानंतरची दोन वर्षं’ असा विषय कुणी मांडला, तर मी स्वतः पुण्याहून गाडी काढून येईन.

दुसरं उदाहरण अक्षरांचं. मुंबईच्या ‘एक टाइप’ या गटाचे मुक्त, बलू, मोदक हे फॉन्ट तुमच्यापैकी बहुतेकांच्या मशीनवर असतील, फुकट आणि खुल्या परवान्याने मिळतात म्हणूनही असतील. मोदक हा सारंग कुळकर्णी आणि मैथिली शिंगरे यांचा फॉन्ट. इतका गुबगुबीत, की अक्षरांच्या पोटातल्या मोकळ्या जागा जवळजवळ चिरा होऊन राहतात. अशा माणसांना ‘भारतीय टायपोग्राफीचं भवितव्य’ असा विषय देणं म्हणजे त्यांचा वेळ वाया घालवणं. त्यांना विचारा: जाडी वाढवत नेली की ‘ष’च्या पोटातली तिरकी रेघ मावते कुठे? ‘क्ष’ आणि ‘ज्ञ’ यांचं काय केलंत? ‘र्‍या’चा तो छोटा आकडा जाड फॉन्टमध्ये कसा ठेवायचा? वाढदिवसाचे फ्लेक्स करणाऱ्या पोराचा हा रोजचा प्रश्न आहे. तो फॉन्ट ताणतो, त्याला आउटलाइन देतो, सावली देतो आणि मग अक्षर वाचता येत नाही म्हणून वैतागतो. भवितव्य राहू दे, ‘ष’ सांगा.

तिसरं उदाहरण बाहेरचं, कारण त्यातला धोका दाखवायचा आहे. १९९८ साली सिटीकॉर्प आणि ट्रॅव्हलर्स या कंपन्या एकत्र आल्या आणि न्यूयॉर्कच्या डिझायनर पॉला शेर यांनी त्यांच्या नव्या ‘सिटी’ या नावाचा लोगो पहिल्याच बैठकीत कागदी रुमालावर काढला. ट्रॅव्हलर्सची लाल छत्री होती. ‘टी’ या अक्षराचा दांडा छत्रीची मूठ झाला आणि वरची कमान छत्री झाली. ही गोष्ट जगभरच्या व्यासपीठांवर सांगितली जाते आणि ऐकणारा तरुण घरी काय घेऊन जातो? प्रतिभा असली की दोन मिनिटांत होतं! दोन प्रचंड कंपन्यांतल्या माणसांना तो लोगो पटवून देण्यात आणि सगळीकडे लावण्यात किती काळ गेला, कुणी काय खोडा घातला, त्या भागावर बोलताना व्यासपीठावर कुणी टाळी मिळवत नाही. वक्त्याकडे असा ‘रुमालाचा’ किस्सा असला तर त्याला तो सांगू द्या, पण पुढचा भाग आमंत्रणातच मागून ठेवा.

आता पत्र. मी साधारण असं लिहिते:

‘सर, सप्रेम नमस्कार. आमच्या सभागृहात गूळ, मसाले, चपला, दूध आणि फाउंड्रीचे सुटे भाग यांच्यासाठी काम करणारे लोक बसलेले असतील. त्यांतल्या बहुतेकांना एका कामाला चार दिवसांहून जास्त मिळत नाहीत आणि क्लायंट शेजारीच खुर्ची टाकून बसलेला असतो. तुमचं अमुक मसाल्याचं पॅकेजिंग आम्ही सगळ्यांनी दुकानात पाहिलंय, हातात घेतलंय. आपण फक्त त्या एका कामाबद्दल चाळीस मिनिटं बोलावं अशी विनंती आहे. ब्रीफ काय होतं, कुठले पर्याय बाद झाले, छपाईत काय बदलावं लागलं आणि आज पुन्हा करायचं तर काय वेगळं कराल, एवढं कळलं तर आमच्या माणसांना फार उपयोग होईल. बाद झालेली स्केचेस दाखवायला क्लायंटची परवानगी लागणार असेल तर आम्ही दोन महिने आधीच विचारतो आहोत, ते यासाठीच. बाकीची कामं दाखवायचा मोह झाला तर शेवटची पाच मिनिटं आहेतच.’

शेवटचं वाक्य ओळखीच्या माणसालाच लिहा. बाकी पत्रात दोन गोष्टी मुद्दाम आहेत. एक, प्रेक्षकाचं वर्णन. मुंबईच्या डिझायनरच्या डोळ्यासमोर ‘प्रादेशिक परिषद’ म्हटलं की एक धूसर गर्दी येते. गूळ आणि फाउंड्री म्हटलं की माणसं दिसायला लागतात, आणि मग तो आपली उदाहरणं आपणहून बदलतो. दोन, कामाचं नाव. ते लिहिलं की वक्त्याला कळतं, या लोकांनी आपलं काम खरंच पाहिलंय. तुमच्या उद्धटपणाच्या शंकेला याहून चांगलं उत्तर माझ्याकडे नाही. ‘आपल्या कार्याबद्दल आम्हाला नितांत आदर आहे’ यात आदर असेलही, पण तेच वाक्य त्यांना प्रत्येक पत्रात आलेलं असतं.

परवानगीचा मुद्दा खराच आहे आणि तो परिस्थितीवर अवलंबून आहे. काही करारांत नाकारलेले पर्यायही क्लायंटच्या मालकीचे ठरतात, काही ठिकाणी गोपनीयतेचं कलम असतं, आणि मोठ्या कंपन्यांची कायदा शाखा उत्तर द्यायला महिना घेते. अशा वेळी वक्त्याला जुनं काम सुचवा. दहा-पंधरा वर्षांपूर्वीच्या कामाबद्दल क्लायंटही मोकळा असतो आणि डिझायनरही. ताज्या कामाबद्दल माणूस जाहिरात करतो, जुन्या कामाबद्दल खरं बोलतो. शिवाय चित्रीकरण करून नंतर सगळ्यांना दाखवणार असाल तर त्याची परवानगी वेगळी घ्या. सभागृहात दाखवायला हरकत नसलेली स्लाइड इंटरनेटवर नको, असं म्हणणारे बरेच असतात आणि त्यांचं बरोबर असतं.

आता त्या थोड्या लोकांचं, ज्यांना विषय दिलेला आवडत नाही किंवा ज्यांना भाषण जमतच नाही. उत्तम डिझायनर उत्तम बोलतो असं काही नाही. चाळीस वर्षं ड्रॉइंग बोर्डवर मान खाली घालून काम केलेल्या माणसाला माइक दिला की तो एकतर गप्प होतो किंवा उपदेश करायला लागतो. त्यांच्यासाठी आपल्याकडे सोन्यासारखी चीज आहे: प्रकट मुलाखत. मराठी श्रोत्याला ती लहानपणापासून ओळखीची आहे. डिझाइनच्या परिषदा मात्र परदेशी परिषदांचं बघून सगळ्यांना एकट्याने व्यासपीठावर फेऱ्या मारायला लावतात.

मुलाखत चांगली व्हायला मुलाखतकाराने तयारी केलेली हवी आणि तो त्याच धंद्यातला हवा. निवेदक नको, रेडिओवरचा आवाज नको. ज्याने स्वतः प्लेट चुकल्यामुळे प्रेसवर रात्र काढली आहे असा माणूस हवा, कारण ‘मग पाचवा रंग का नाही घेतलात?’ हे त्यालाच सुचेल. टेबलावर वस्तू ठेवा: जुने खोके, लेबलं, मूळ आर्टवर्क, मिळाली तर नाकारलेली डमी. वर एक कॅमेरा लावून त्या वस्तू पडद्यावर मोठ्या दिसतील असं करा. वस्तू हातात आली की माणूस बोलायला लागतो, हे मी पुन्हा पुन्हा पाहिलंय. ज्येष्ठ गृहस्थ होते, ‘माझ्याकडे सांगण्यासारखं काही नाही’ म्हणत खुर्चीवर अवघडून बसलेले. त्यांनीच केलेला अगरबत्तीचा जुना पुडा समोर ठेवला, तर पुढची वीस मिनिटं त्यांनी फक्त त्या पुड्याच्या सोनेरी शाईबद्दल घेतली, आणि लोक पुढे सरकून ऐकत होते.

सुलेखनकार आणि लेटरिंगवाल्यांच्या बाबतीत थोडा वेगळा विचार करा. अच्युत पालव यांच्यासारखा सुलेखनकार मोठ्या ब्रशने कागदावर उतरला की सभागृह भारून जातं, त्याला भाषणाची जोड लागत नाही. प्रात्यक्षिक ठेवाच, जेवणानंतरच्या सुस्तीवर त्याच्याइतका उतारा नाही. फक्त प्रात्यक्षिकानंतर एक प्रश्न आधीच ठरवून ठेवा: हेच अक्षर छपाईला जाताना तुम्ही काय दुरुस्त करता? भारावण्यापासून कामापर्यंत यायला तो पूल लागतो.

आणि जे आता नाहीत त्यांचाही विचार करा. कमल शेडगे २०२० साली गेले. नाटकांच्या जाहिरातींतली त्यांची अक्षरं वर्तमानपत्राच्या भुरकट कागदावर, काळ्या-पांढऱ्यात, लहानशा चौकोनात उठून दिसत. फक्त अक्षरावरून नाटक गंभीर की फार्स हे कळायचं. र. कृ. जोशी २००८ साली गेले. कवी, सुलेखनकार, आयडीसीतले शिक्षक, आणि सरकारी कचेरीतला प्रत्येक कारकून ज्याला नकळत ओळखतो त्या मंगल फॉन्टचे कर्ते. मंगलला नावं ठेवणं डिझायनरांमध्ये फॅशन आहे. त्या काळच्या जाडबिंदूंच्या पडद्यावर, लहान आकारात, देवनागरी जोडाक्षरं वाचता यावीत यासाठी तो केला होता हे कुणी समजावून सांगितलं तर निम्मी टिंगल थांबेल. अशांच्या एखाद्या विद्यार्थ्याला किंवा सहकाऱ्याला बोलवून एक सत्र त्यांच्या कामाच्या चिरफाडीसाठी ठेवा. मी चिरफाड म्हणते आहे, श्रद्धांजली नव्हे.

चारातला एक वक्ता तुमच्याच भागातला असावा असं माझं ठाम मत आहे. मुंबईचा डिझायनर ज्या बजेटवर बोलतो ते ऐकून इचलकरंजीतला माणूस मनातल्या मनात दार लावून घेतो: ‘यांना जमतं, आपल्याला कोण एवढे देतंय.’ तुमच्याकडे कुणीतरी असेल, ज्याने गुळाच्या व्यापाऱ्याला एका रंगात छापलेलं, तरीही देखणं खोकं पटवून दिलं. त्याचं भाषण पहिलं ठेवा, मुंबईच्या पाहुण्यांच्या आधी, आणि पाहुण्यांना ते ऐकायला बसवा. त्यांच्या बोलण्याची पातळीच बदलते. आणि कृपा करून या स्थानिक वक्त्याला ‘नवोदित’ म्हणू नका. तो पन्नास वर्षांचा असतो हो.

भाषेचं फार लांबवत नाही. मराठी वक्त्याला मराठीतच बोलायला सांगा, आणि आमंत्रणातच सांगा, नाहीतर स्लाइड इंग्रजीत तयार होतात आणि बोलणंही त्यांच्या मागे जातं. धंद्यातले इंग्रजी शब्द राहू देत, कर्निंगला (दोन अक्षरांमधलं अंतर जुळवणं) प्रतिशब्द शोधत बसू नका. बेळगावकडची मंडळी असल्याने कुणी कन्नड मिसळलं तरी चालेल. अमराठी पाहुणा असेल तर हिंदी.

वेळ. एका दिवसात चारच मोठी सत्रं ठेवा, प्रत्येकी चाळीस मिनिटं बोलणं आणि वीस मिनिटं प्रश्न. आठ वक्ते बसवायचा मोह होतो, कारण पोस्टरवर आठ चेहरे छान दिसतात. मध्ये तरुणांना संधी द्यायची असेल तर पेचाकुचा ठेवा. २००३ साली टोकियोत सुरू झालेला हा प्रकार आहे: वीस स्लाइड, प्रत्येकीला वीस सेकंद, सहा मिनिटं चाळीस सेकंदांत खेळ खलास. स्लाइड आपोआप पुढे जाते म्हणून कुणाला लांबण लावता येत नाही. पाच-सहा जण तासाभरात होतात. ज्येष्ठांना मात्र हा प्रकार देऊ नका, त्यांच्या बोलण्यातली मजा रेंगाळण्यात असते.

संध्याकाळचा परिसंवाद काढून टाका. सगळे थकलेले असतात, विषय ‘एआय आणि डिझाइनचं भविष्य’ असा काहीतरी असतो, आणि पाच माणसं एकमेकांशी सहमत होत राहतात. त्यापेक्षा तो तास वक्त्यांना चार कोपऱ्यांतल्या टेबलांवर बसवा आणि लोकांना आपापली कामं घेऊन जाऊ द्या. लोक तोच तास लक्षात ठेवतात.

उद्घाटनाबद्दल बोलले नाही तर अन्याय होईल. दीपप्रज्वलन, स्वागतगीत, शाल-श्रीफळ, प्रायोजकांचा सत्कार, सत्काराला उत्तर, आणि मग सूत्रसंचालकाच्या चारोळ्या. दहाला सुरू होणारा कार्यक्रम सव्वाअकराला वक्त्यापर्यंत पोचतो आणि त्याला हळूच चिठ्ठी जाते, ‘सर, पंचवीस मिनिटांत आवरावं.’ दोन महिने पत्रव्यवहार करून मिळवलेलं चाळीस मिनिटांचं भाषण असं मातीत जातं. सत्कार हवेत तर जेवणाच्या आधी, सगळे एकदम करा. परिचय तीन वाक्यांचा. पुरस्कारांची यादी पत्रिकेत छापलेली असतेच. श्रोत्यांची चिंता करू नका. जिथे गावोगाव व्याख्यानमाला चालतात आणि पुण्याची वसंत व्याख्यानमाला १८७५पासून आहे, तिथले लोक तासभर नुसतं ऐकू शकतात. त्यांना ताटकळत ठेवलेलं आवडत नाही एवढंच.

प्रश्न माइकवर घेऊ नका, चिठ्ठीवर घ्या. माइक घेतला की तोच एक गृहस्थ उठतो, जो प्रश्नाच्या नावाखाली स्वतःचं भाषण करतो. चिठ्ठीवर मात्र मुलगी लिहिते, ‘या कामाचे किती पैसे घेतलेत?’ तो प्रश्न वाचून दाखवाच. वक्ता आकडा सांगणार नाही कदाचित, पण हिशोब कसा केला, किती वेळा बदल करून द्यायचे ठरलं होतं, आगाऊ किती घेतले हे बहुतेक जण सांगतात.

पैशांवरून आठवलं, वक्त्यांना मानधन द्या. प्रवास आणि मुक्काम तर द्याच, पण त्यावर काहीतरी रक्कम द्या, लहान का असेना, आणि ती आमंत्रणाच्या पत्रातच लिहा. फुकट बोलावलेल्या माणसाकडे आपण ‘एकाच कामावर बोला, स्लाइड आठ दिवस आधी पाठवा’ असा आग्रह धरू शकत नाही, धरूही नये. स्थानिक वक्त्याला तेवढीच रक्कम द्या जेवढी मुंबईच्या पाहुण्याला. प्रायोजक कमी पडले तर वक्ते चारऐवजी तीन करा.

राहिली तांत्रिक बाजू. वक्त्याला आदल्या संध्याकाळी बोलवा. महालक्ष्मी एक्स्प्रेसने सकाळी उतरून थेट व्यासपीठावर, हे नको. आदल्या रात्री सभागृहात त्याच प्रोजेक्टरवर सगळ्या स्लाइड एकदा फिरवून बघा. देवनागरी असलेली स्लाइड दुसऱ्याच्या लॅपटॉपवर हमखास दगा देते. फॉन्ट नसेल तर मेहनतीने निवडलेल्या अक्षराच्या जागी मंगल किंवा निर्मला येऊन बसतो. श्रीलिपीच्या जुन्या, युनिकोडच्या आधीच्या फॉन्टमध्ये केलेली असेल तर रोमन अक्षरांचा कचरा दिसतो. म्हणून पीडीएफ मागा, अक्षरं आउटलाइन करून, म्हणजे फॉन्टऐवजी नुसते आकार करून, आणि शक्य तर वक्त्याचाच लॅपटॉप जोडा. प्रोजेक्टर फिकट असेल तर पार्श्वभूमी गडद आणि अक्षर पांढरं ठेवायला सांगा. सभागृहाच्या शेवटच्या रांगेत बसून मात्रा आणि अनुस्वार दिसतात का बघा. ते दिसले तर बाकी सगळं दिसतं. छपाईसाठी केलेले सीएमवायके (छपाईच्या चार शाईंचे) रंग पडद्यावर वेगळेच दिसतात आणि वक्ता भाषणाची पाच मिनिटं ‘प्रत्यक्षात हा लाल असा नाहीये’ यात घालवतो. त्यापेक्षा छापील नमुने दाराशी एका टेबलावर मांडून ठेवा.

एवढं सगळं करूनही एखादे सर येतील आणि पेनड्राइव्हमधून तीच पन्नास कामांची चित्रफीत काढतील. त्यांना अडवू नका, जाहीरपणे तर मुळीच नाही. चित्रफीत होऊ दे, टाळ्या होऊ देत. तुमचा प्रश्न विचारणारा माणूस मात्र पहिल्या रांगेत तयार असू दे. प्रश्नांची वेळ आली की त्याने त्यांच्याच एका कामाचा छापील नमुना हातात घेऊन वर जावं आणि म्हणावं, ‘सर, यातलं हे एकच घेऊया का? हा कोपरा असा का कापलात?’ नमुना बाजारात अजून मिळत असेल तर आदल्या दिवशी लक्ष्मीपुरीतून विकत आणून ठेवा. दोन आणा. एक नक्की कुणीतरी सहीसाठी घेऊन जाणार.